कधीच खोटं न बोलणारा हात

आधारघराच्या जेवणाच्या खोलीत त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलं भिंतीला सरकवली होती. बाकांवर माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि ज्यांना बाक मिळाला नव्हता ती खिडकीच्या कट्ट्यावर चढली होती. एवढ्या सगळ्यांच्या नजरा खिळल्या होत्या एका उकडलेल्या अंड्यावर.

अंडं टेलरमास्तरांच्या डाव्या हातात होतं. उजवा हात त्यांनी खांद्याच्या रेषेत आडवा, ताठ धरला होता. शेजारी पांढराशुभ्र लांब कोट घालून हस्तगुरू उभे होते.

"मी काही करत नाही बरं का," हस्तगुरू मधाळ आवाजात म्हणाले. "मी कोण करणारा? देह बोलणार, आपण ऐकायचं. पोटातल्या पेशीपेशीला ठाऊक असतं, समोर आलेलं अन्न मित्र आहे की वैरी. फक्त तिला जीभ नसते. म्हणून ती हाताच्या तोंडून बोलते!"

हाताच्या तोंडून, हे ऐकून दोघातिघांनी माना डोलावल्या. गुरूंनी मास्तरांच्या उजव्या मनगटावर दोन बोटं ठेवली, डोळे मिटले आणि दाबलं. भिजलेल्या बाहीसारखा मास्तरांचा हात खाली आला.

"आई गं!" कट्ट्यावरून कुणीतरी ओरडलं.

"वैरी!" गुरू म्हणाले. "या देहाला अंडं म्हणजे साक्षात वैरी. दारूनं पोखरलेल्या घरात हा चोर रोज सकाळी शिरतोय, आणि आपण त्याला मीठ लावून खातोय!"

मग त्यांनी अंडं काढून घेतलं आणि त्या जागी एक बंद पुडी ठेवली. पुडीत त्यांची तपकिरी भुकटी होती. तिचं नाव शुद्धामृत. "आता लावा जोर, मास्तर! घाबरू नका, सगळा जोर लावा!" गुरूंनी पुन्हा दोन बोटांनी, या वेळी कोपराशी, दाबलं. हात तसूभरही हलला नाही.

"पाहिलंत? पेशी हसल्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. स्वयंपाकघराच्या दारात हातात झारा घेऊन मास्तरांची बायको उभी होती. आधारघरात सगळे तिला वहिनी म्हणत. ते अंडं वहिनींनीच उकडलं होतं. गेली कित्येक वर्षं त्यांनी नवऱ्याला धड हसताना पाहिलं नव्हतं, आणि इकडे त्याच्या पेशी परस्पर हसत होत्या म्हणजे कमालच झाली. वहिनींना टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या नाहीत. एक तर हातात झारा होता, आणि दुसरं म्हणजे, नवऱ्याचं अंडं सुटलं तर पुढे काय काय सुटेल, या विचारानं त्यांनी तो झारा आणखी घट्ट धरला होता.

आधारघर म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्या माणसांचं घर. काही जण तिथं राहत. काही जण, मास्तरांसारखे, बरे होऊन आपापल्या घरी गेले होते, पण सकाळ-संध्याकाळ येऊन जात. वहिनी तिथल्या स्वयंपाकघरात मदतीला येत, कारण मास्तर जिथं जेवत तिथं आपण असावं, असं त्यांना वाटे.

मास्तर आले तेव्हा हाडांचा सापळा होते. दारूनं आधी भूक खाल्ली होती, मग अंगावरचं मांस. इथल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं, औषधं दिली, आणि बाटली सुटून हात जरा थाऱ्यावर आल्यावर वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "औषधाचं मी बघते, ताटाचं तुम्ही बघा. उठल्यावर लवकर काहीतरी पोटात जाऊ दे. अंडं, दूध, कडधान्यं, मासे, जे झेपेल ते. फळं, हिरव्या भाज्या, भरपूर पाणी. आणि पोट फार वेळ रिकामं ठेवू नका. गोड मागतील, लहान मुलासारखे मागतील. घाबरू नका, बऱ्याच जणांचं तसं होतं. केळं द्या."

यात चमत्कार काहीच नव्हता, म्हणून त्याला टाळ्याही पडल्या नव्हत्या. पण हळूहळू मास्तरांच्या गालांवर मांस चढलं. एका दुपारी त्यांनी दुकानातून हाक मारली, "अगं, बाहेर ये जरा." वहिनी धावतच गेल्या. पूर्वी अशी हाक आली की काहीतरी फुटलेलं असायचं. मास्तर सुई उजेडाकडे धरून उभे होते आणि सुईत दोरा होता. "एका दमात ओवला," ते म्हणाले. वहिनी इस्त्रीच्या फडक्यात तोंड खुपसून रडल्या. आनंदानं रडायची सवय नव्हती, त्यामुळे ते रडणं जरा लांबलं.

आता असा माणूस हस्तगुरूंच्या नादी लागला कसा? तर त्याला आधारघराची एक जुनी रीत कारण होती.

रोज सकाळी, नाश्त्याच्या आधी, सगळे रांगेत उभे राहत. प्रत्येकाच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप दिला जाई. हात सरळ पुढे करायचा. चहा सांडला नाही तर सगळे टाळ्या वाजवत. सांडला तर कुणी काही बोलत नसे, फक्त फडकं पुढे करत. यामागचं कारण मोठं गमतीचं होतं आणि थोडं दुःखाचंही. या मंडळींचं तोंडानं इतकं खोटं बोलून झालं होतं, की एकमेकांच्या तोंडावर कुणाचाच विश्वास उरला नव्हता. 'शपथेवर सांगतो, घेतली नाही' हे वाक्य तिथल्या प्रत्येकानं तोंडाला बाटलीचा वास येत असताना म्हटलेलं होतं. मग विश्वास ठेवायचा कशावर? हातावर. आदल्या रात्री काय झालं ते हात सांगतो. 'हात खोटं बोलत नाही' हे त्यांचं ब्रीदवाक्यच झालं होतं.

हस्तगुरूंनी पहिल्याच दिवशी ते ऐकलं आणि त्यांचं काम निम्मं झालं.

त्यांना घेऊन आला होता ट्रम्पेटवाला. हा वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवायचा. दारू सोडल्यापासून त्याची दम धरायची ताकद परत येत होती, पण त्याला घाई फार. नेमक्या त्याच वेळी डॉक्टरीणबाई जिन्यावरून घसरून, पाय मुरगळून घरी पडल्या होत्या. मांजर घरी नसलं की काय होतं ते सांगायला नको, फक्त इथं उंदीर कोट घालून आला होता.

पहिल्या संध्याकाळी अंडं गेलं. मग पाव गेला. मग दूध, मग केळं. दर बैठकीला एकेक पदार्थ मास्तरांच्या ताटातून उठून जाऊ लागला. ट्रम्पेटवाल्याचे शेंगदाणे गेले, मासे गेले. राहिली फक्त काकडी. काकडी हातात दिल्यावर कुणाचाच हात पडला नाही. गुरूंना काकडी आवडत असावी. काकडी आणि तीन वेळा शुद्धामृताचं पाणी, असा आहार ठरला.

"अहो, निदान केळं तरी खा," वहिनी घरी विनवत.

"केळ्यानं हात पडला माझा. तू पाहिलंस ना डोळ्यांनी?"

"हाताचं पाहिलं. पण पोट काय म्हणतंय?"

"पोट लबाड आहे. पोटानंच मला आयुष्यभर फसवलं. हात खोटं बोलत नाही."

"मग काल गिऱ्हाइकाच्या कोटाला डावी बाही उजवीकडे कुणी लावली? हातानंच ना?"

मास्तर चिडून उठून गेले. हल्ली ते फार चिडत. त्यांचा हात पुन्हा थरथरू लागला होता, सकाळच्या कपातून चहा सांडत होता. ट्रम्पेटवाल्याचा सूर अर्ध्यातच मान टाकत होता. कुणीतरी गुरूंना भीत भीत विचारलं, तेव्हा गुरू प्रसन्न हसले. "थरथर? उत्तम! विष बाहेर पडतंय. थरथर म्हणजे शुद्धी."

"आणि थरथरला नाही तर?" वहिनींनी दारातून विचारलं.

"मग विष बाहेर पडून गेलं!"

म्हणजे काहीही झालं तरी गुरूंचं बरोबरच. असं शास्त्र वहिनींच्या माहितीचं होतं. पिण्याच्या दिवसांत मास्तरांचंही असंच असे. दुःख झालं म्हणून प्यायचे आणि आनंद झाला म्हणूनही.

त्या आठवड्यातली गोष्ट. वहिनी गिऱ्हाइकाचा शिवलेला कोट पोचवून, येताना पाव आणि केळी घेऊन परतत होत्या. ऊन कलायला लागलं होतं. कोपऱ्यावर वळल्या आणि त्यांचे पाय थबकले. रस्त्यापलीकडे दारूचं दुकान होतं. त्याच्या बरोबर समोर, दिव्याच्या खांबाला टेकून, गळ्यात मोजपट्टी तशीच अडकवलेले मास्तर उभे होते. ते दुकानाच्या दाराकडे बघत होते, जसं उशिरा आलेलं एखादं मूल शाळेच्या फाटकाकडे बघतं तसं.

ओरडावं, रडावं, ओढून न्यावं, सगळं एकदम मनात आलं. पण ओरडून बाटली दूर जात नाही, हे त्या अनुभवानं शिकल्या होत्या. त्या सरळ जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "बसा जरा त्या बाकावर. पाय दुखले माझे."

मास्तर बसले. चेहरा पांढरा पडला होता, कपाळावर घाम होता. "मी आत गेलो नाही," ते म्हणाले. "पाय आपोआप इथं आले. पण मी आत गेलो नाही."

"बरं केलंत. हे खा." वहिनींनी केळं सोललं.

"अगं, विष आहे ते."

"असू दे. मीही खाते. मेलो तर दोघं एका बाकावर मरू, लोकांना उचलायला सोपं."

मास्तरांनी एक घास घेतला. मग दुसरा. मग केळं संपलं, दुसरं संपलं, पाव वहिनींच्या हातातून कधी त्यांच्या हातात गेला ते दोघांनाही कळलं नाही. समोर दुकानात माणसं येत-जात होती. थोड्या वेळानं मास्तरांनी खांदे सैल सोडले.

"गेली," ते म्हणाले.

"काय गेली?"

"ओढ." त्यांनी हातातली केळ्याची साल उलटसुलट करून पाहिली. "अगं, मला प्यायची नव्हती. मला भूक लागली होती."

वहिनींनी रस्त्यातच, सगळ्यांदेखत, त्यांचा हात धरला. मग त्या म्हणाल्या, "हे तुमच्या गुरूंना सांगा."

पण मास्तरांचा चेहरा पुन्हा पडला. "सांगू काय? हात तर पडतो ना. सगळ्यांच्या समोर पडतो. तो कसा पडतो, हे सांग मला, मग मी पोटभर जेवतो."

मागणी रास्त होती. वहिनींना उत्तर येत नव्हतं. ज्याला येईल त्याच्याकडे जावं, एवढं मात्र त्यांना येत होतं.

डॉक्टरीणबाई उशीवर पाय ठेवून सोफ्यावर बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. आधी त्या हसल्या, मग दुकानासमोरचा प्रसंग ऐकून गंभीर झाल्या. "रिकामं पोट आणि दारूची ओढ, दोन्ही आतून सारखीच वाटू शकतात," त्या म्हणाल्या. "अशा माणसाला उपाशी ठेवणं म्हणजे त्याला दुकानापर्यंत हात धरून पोचवणं आहे. उद्या मी येते. काठी टेकत येईन."

"त्यांना चांगलं फैलावर घ्या."

"छे! भांडलो तर सगळे गुरूंच्या बाजूनं उभे राहतील. भांडायचं नाही. झाकून विचारायचं." आणि त्यांनी वहिनींना एक काम सांगितलं.

काम शिवणाचंच होतं. वहिनींनी एका कापडाच्या, एका मापाच्या सहा पिशव्या शिवल्या. प्रत्येकीत प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून एकेक वस्तू ठेवली, भोवती चिंध्या कोंबल्या, आणि तराजूवर सगळ्यांचं वजन सारखं केलं. मग तोंडं शिवून टाकली आणि वर अंक घातले. कुठल्या अंकात काय आहे, हे एकट्या वहिनींना ठाऊक होतं. डॉक्टरीणबाईंनाही नाही.

दुसऱ्या संध्याकाळी खोली पुन्हा गच्च भरली. डॉक्टरीणबाईंनी काठी भिंतीला टेकवून गुरूंना नमस्कारच केला.

"तुमची विद्या पाहायला आले. पहिल्या दिवशी म्हणे तुम्ही बंद पुडीतली भुकटी ओळखलीत?"

"लहरींना कागदाचं काय बंधन?" गुरू खुलले. "लहरी भिंत भेदून जातात, बाई!"

"मग कापड तर किरकोळच." त्यांनी पिशव्या टेबलावर मांडल्या. "यात खायच्या वस्तू आहेत आणि आपलं शुद्धामृतही आहे. मास्तर हातात धरतील. तुम्ही फक्त सांगायचं, मित्र की वैरी."

गुरूंनी पिशव्यांकडे पाहिलं आणि घसा खाकरला. "त्याचं असं आहे, देहाला डोळ्यांनीही..."

"दाखवा, गुरुजी!" ट्रम्पेटवाला उत्साहानं ओरडला. "बाईंना दाखवाच एकदा!" आणि सगळी खोली 'दाखवाच' म्हणू लागली. भक्तांनी एवढा आग्रह केल्यावर गुरूंना पळताही येईना.

"वहिनी, तुम्ही आत जा आणि दार लावून घ्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुम्हाला सगळं माहीत आहे, आणि तुमचा चेहरा फार बोलका आहे."

असं झालं म्हणून त्या दिवशीचा सगळ्यात मोठा तमाशा वहिनींनी बंद दारामागून, कानांनी पाहिला.

"क्रमांक एक," बाहेरून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला. मग खोलीभर "अरेरे!"

"जहाल!" गुरू गरजले. "हे तर दारूच्याच जातीचं! याचा कणही पोटात जाता कामा नये!"

वहिनींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. एक नंबरच्या पिशवीत शुद्धामृत होतं.

"क्रमांक दोन."

"आहाहा! हात बघा, लोखंडी कांब! हीच ती लहर! हेच आपलं शुद्धामृत!"

दोन नंबरमध्ये उकडलेलं अंडं होतं. वहिनींनी ओठ घट्ट मिटून घेतले.

"क्रमांक तीन."

"सात्त्विक. अत्यंत सात्त्विक. मास्तर, हे रोज सकाळी अनशापोटी घेत चला."

वहिनींनी मूठ तोंडात कोंबली. तरीसुद्धा फिस्सकन आवाज झालाच. तीन नंबरच्या पिशवीत मास्तरांचा कापडावर रेघा मारायचा खडू होता.

चार नंबरला पुन्हा शुद्धामृतच होतं. या वेळी गुरूंचा आवाज जरा उतरला होता. "मध्यम. अधूनमधून चालेल." पाच नंबरचं केळं वैरी निघालं. तेवढं एक जुन्या निकालाशी जुळलं. आणि सहा नंबरचा पाव, ज्यानं मागच्या आठवड्यात मास्तरांना आडवं केलं होतं, तो एकदम जिवलग मित्र ठरला.

"वहिनी, या बाहेर," हाक आली. "मास्तर, कात्री घ्या. तुम्हीच उसवा."

मास्तरांनी पहिली पिशवी उसवली. चिंध्यांतून पुडी निघाली. पुडीवर गुरूंचाच हसरा फोटो होता. दुसऱ्या पिशवीतून अंडं निघालं. तिसरीतून खडू निघाला, तेव्हा मास्तर त्याच्याकडे बघतच राहिले.

"रोज सकाळी अनशापोटी," डॉक्टरीणबाईंनी आठवण करून दिली.

"दुधातून की पाण्यातून?" ट्रम्पेटवाल्यानं विचारलं. त्यानं हे गंभीरपणे विचारलं की चेष्टेनं, हे त्यालाही आजतागायत सांगता आलेलं नाही. पण खिडकीच्या कट्ट्यावर कुणीतरी फुटलं, आणि मग सगळी खोली हसू लागली.

"शांत व्हा!" गुरू दोन्ही हात वर करून म्हणाले. "आज इथं अविश्वासाच्या लहरी आहेत. त्या माझ्या लहरींना आडव्या येतात!"

"भिंत भेदणाऱ्या लहरींना?" वहिनी म्हणाल्या. "नाचता येईना, अंगण वाकडं!"

डॉक्टरीणबाई लंगडत मास्तरांजवळ आल्या. "आता खरी जादू बघा. मास्तर, दोन्ही हात रिकामे. उजवा आडवा धरा. लावा जोर!" आणि त्यांनी कोपराच्या जरा पुढे दाबलं. हात हलला नाही. "छान. आता पुन्हा." या वेळी त्यांनी जोर लावा असं म्हटलं नाही. बोटं मनगटावर ठेवली, क्षणभर थांबल्या, आणि मास्तरांचं लक्ष जरा ढळताच दाबलं. हात खाली आला.

"तुमच्या डाव्या हातात काय होतं, मास्तर?"

"काहीच नाही."

"अरे देवा," वहिनी म्हणाल्या, "म्हणजे काहीच नसणंसुद्धा विष आहे यांना!"

"दार बिजागरीजवळ ढकलून बघा, हलता हलत नाही," डॉक्टरीणबाई सांगू लागल्या. "कडीजवळ ढकला, एका बोटानं उघडतं. हाताचंही तेच आहे. खांद्यापासून जितकं लांब दाबाल, तितका हात लवकर पडतो. त्यात आधी 'लावा जोर' म्हणून सावध केलं तर माणूस टिकतो, गाफील धरलं तर पडतो. आणि हे अंडं वैरी आहे असं मनात भरवून दिलं, की हात आधीच ढिला होतो. पिशवीत काय आहे हे गुरूंना कळेना, तेव्हा कुठल्या वेळी कुठे दाबायचं हेही कळेना. एवढीच त्यांची विद्या."

मग काय विचारता! जो तो शेजाऱ्याचा हात दाबू लागला. मनगटावर पडतो, कोपराशी टिकतो. सगळी खोली आडव्या हातांनी भरून गेली. डॉक्टरीणबाईंनी मलमपट्टीच्या कपाटातून टिंक्चर आयोडीनची बाटली मागवली आणि शुद्धामृताच्या चिमटीवर एक थेंब टाकला. भुकटी काळीनिळी झाली. शेजारी पावाच्या तुकड्यावर दुसरा थेंब टाकला. तोही काळानिळा झाला.

"पिष्ट आहे," त्या म्हणाल्या. "दोन्हींत."

"मी काल पिशवी भरताना चाखलंच होतं," वहिनी म्हणाल्या. "भाजलेलं पीठ आणि साखर. पाव विष म्हणून काढून घेतला, आणि त्याचंच पीठ पाण्यात कालवून पाजलं!"

हसणं थांबल्यावर ट्रम्पेटवाला मात्र खाली मान घालून बसला होता. "पण बाई," तो हळूच म्हणाला, "आम्ही तोंडावर विश्वास ठेवत नव्हतो, म्हणून हातावर ठेवला. आता हातही खोटं बोलला?"

डॉक्टरीणबाई त्याच्याशेजारी बसल्या. "हात काही बोललाच नाही रे. तो उपाशी होता, दमला होता, घाबरला होता. त्याच्या नावानं दुसराच माणूस बोलत होता."

गडबडीत गुरू मागच्या दाराकडे सरकले होते. पण मागच्या दाराची वाट स्वयंपाकघरातून जाते, आणि तिथं वहिनी पोचल्या होत्या. समोर उकडलेली अंडी होती, गरम पाव होता, वाफाळणारं सूप होतं. सगळ्यांना वाटलं, आता झारा बसतो.

"संध्याकाळ झाली. खाऊन जाता का?" वहिनींनी विचारलं.

"छे छे, आम्ही फक्त शुद्धामृत..." गुरू म्हणत होते, आणि म्हणता म्हणता त्यांचा उजवा हात पुढे आला आणि त्यानं पाव उचलला. हात खोटं बोलत नाही म्हणतात, ते एवढ्या एका बाबतीत खरं निघालं. वहिनींनी त्यांना अंडंही दिलं. मीठ लावून दिलं. ते कोटाच्या खिशात घालून गुरू जे गेले ते पुन्हा त्या रस्त्याला दिसले नाहीत.

मास्तर त्या संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा वहिनी समोर बसून होत्या. "सावकाश," त्या दर दोन घासांनी म्हणत होत्या आणि दर दोन घासांनी वाढतही होत्या. मग मास्तरांनी मान वर केली. "सकाळच्या कपाचंही असंच असेल का गं? रात्रभराचं रिकामं पोट, त्यावर परीक्षा. हात हलला तर आपण समजतो, चोरून घेतली. एखाद्याला नुसती भूक लागली असेल."

वहिनींनी ते डॉक्टरीणबाईंना सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हात हलायला कारणं बरीच असतात, तेव्हा हात हलला तर ज्याचा हलला त्यालाच आधी विचारावं. आणि आधारघराची इतक्या वर्षांची रीत दुसऱ्या दिवशी बदलली. आता आधी नाश्ता होतो, मग कप. कधीकधी नाश्ता रंगला तर कप विसरूनही जातात. कुणाचं काही अडलेलं नाही.

वाचकहो, आपल्या प्रत्येकाच्या गल्लीत कुणी ना कुणी हस्तगुरू असतोच. कुणाचा हात बोलतो, कुणाचा दगड, कुणाची काच. आजारातून उठणारा माणूस आधीच हवालदिल असतो, त्याच्या ताटातला घास काढून घेणं फार सोपं असतं. अशा वेळी वाद घालू नये, रागावू नये. फक्त एक करावं. आपले डोळे झाकून विश्वास ठेवण्यापेक्षा, समोरची वस्तू झाकून परीक्षा घ्यावी. झाकल्यावरही तेच उत्तर आलं तर बघू. आणि परीक्षा होईपर्यंत, डॉक्टरांनी सांगितलेलं साधं जेवण वेळच्या वेळी जेवावं.

रीत बदलली त्या पहिल्या सकाळी नाश्ता झाल्यावर मास्तर रांगेत उभे राहिले. वहिनींनी त्यांचा कप अगदी काठोकाठ भरला होता. मास्तरांनी हात पुढे केला. हात थोडा हलला. चहाचा एक ओघळ बशीत आला. टाळ्या वाजवायच्या की फडकं पुढे करायचं, हे कुणाला कळेना.

"हलला," मास्तर स्वतःच म्हणाले. "घेतलेली नाही. हलला, एवढंच. अजून अंगात ताकद यायचीय."

त्या घरात एखाद्याचा हात हललेला असतानाही त्याच्या तोंडावर सगळ्यांनी विश्वास ठेवला, असं पहिल्यांदाच घडत होतं. ट्रम्पेटवाल्यानं आधी टाळी वाजवली. मास्तरांनी उरलेला चहा पिऊन टाकला, बशीतला ओघळही सोडला नाही, आणि स्वयंपाकघराकडे वळून विचारलं, "अगं, आणखी एक अंडं आहे का?"